आजोळची कुंची

विमलच्या घरात नात आली, बारसं तीन दिवसांवर आलं, आणि कुंचीला पहिला टाका घालायला घरात एकही हात चालेना!

डिचोलीच्या बाजारामागे विमलचं घर. पुढच्या खोलीत कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं, मागच्या खोलीत शिलाईचं मशीन. स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या मुलींचे स्कार्फ, म्हाताऱ्यांच्या कानटोप्या आणि तान्ह्या बाळांच्या कुंच्या तिथे शिवून मिळत. स्कार्फ कुणी शिवला याची कुणाला पडलेली नसते. कुंचीचं मात्र तसं नाही. ती सवाष्णीच्याच हातची हवी, हा आमच्याकडचा दंडक. विमलच्या हाताला यश आहे असं बायका म्हणत आणि पार पेडण्याहून कुंचीसाठी येत.

खरी गोष्ट वेगळी होती. विमल सुईने पहिला टाका घाली, तेवढंच. बाकी सगळी कुंची, गळ्याच्या चुण्यांपासून मलमलीच्या अस्तरापर्यंत, शिवायची तिची धाकटी जाऊ सुलोचना. सुलोचनाचा नवरा नारायण अकरा वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. गिऱ्हाईक आलं की विमल मागच्या खोलीचं दार ओढून घेई. आत मशीन कोण चालवतंय असं कुणी विचारलंच तर सांगे, "जाऊ गो. ती स्कार्फांचा बघता." बारशाला बोलावणं विमलला येई आणि सुलोचना घरी भांडी घाशी. यात आपलं काही चुकतंय असं विमलला कधी वाटलं नाही. विधवा जावेला घरात ठेवलंय, हाताला काम दिलंय, आणखी काय करायचं? आपण मोठ्या मनाच्या आहोत अशीच तिची समजूत होती.

चैत्रात विमलचा नवरा काशिनाथ बाजारात बोलता बोलता कोसळला तो उठलाच नाही. तीन महिन्यांनी तिची लेक गौरवी बाळंत झाली. पहिली नात! आजोळची कुंची आजीनेच द्यायची. हिरवा खण सुलोचनाने बेतून ठेवला होता, पण विमल त्याला हात लावेना.

"अर्चनाक आपयतंय," ती शेवटी म्हणाली. अर्चना ही शेजारची सवाष्ण, तिला बोलवायचं. "टाको ती घालीत. बारशाकव मी आतच बसतलंय."

"तुमच्या हाताक काय झाला, वयनी?" सुलोचनाने विचारलं.

"मी आता सवाष्ण खंय गो?"

"हात तोच मां? काल शुभ आणि आज अशुभ? भावोजी गेले, ह्येत तुमचो काय गुन्हो?"

विमलचा बांध फुटला. "माझो कायच गुन्हो नाय गो! पोरीच्या पोरीक हात लावूक सुद्धा माका भय वाटता!"

"मगे माझो खंयचो गुन्हो होतो?" सुलोचनाचा आवाज चढला नाही. "अकरा वर्सां तां दार तुमीच वडून घेतलांत. मी आतसून आयकत रवलंय. लोकांची पोरां माझ्या हातच्या कुंच्या घालून वाडली, एकाचाय काय वायट झाला काय? अशुभ म्हणान काय नसता, वयनी. माणसां तां करतत. आणि आमका तां बायकांनीच शिकयला."

विमलला रडू येत होतं ते नवऱ्यासाठी की लाजेने, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आपण या पोरीशी अकरा वर्षं काय केलं! पुरुषांनी नव्हे, गावाने नव्हे, आपण, या हातांनी! त्या संध्याकाळी पहिला टाका सुलोचनाने घातला.

बारशाला पेडण्याहून गौरवीची सासू पद्मावती चार बायका घेऊन आली, वाड्यावरच्या आल्या. कुंची चढवायला सवाष्ण म्हणून अर्चना पुढे झाली, तेव्हा विमल आतून बाहेर आली.

"रव अर्चना. ही कुंची सुलोचनान शिवली. हीच नाय. अकरा वर्सां तुमी माझ्याकडसून व्हेल्यात त्यो सगळ्यो तिणेच शिवल्यो."

"म्हंजे माझ्या झिलाची...?" स्वतःच्या मुलाची कुंची आठवून अर्चनाने बाळाकडून हात मागे घेतला. "फसयलंस आमका!"

"व्हय, फसयलंय. तुमका आणि हिका. झील बरो आसा मां तुझो?"

अर्चना उठली. तिच्यामागून आणखी तिघी नारळ तिथेच ठेवून निघाल्या. विमलला वाटलं, आता पद्मावतीही उठणार आणि लेकीचा संसार आपल्यापायी नासणार.

पद्मावतीने बाळाचे उघडे पाय दुपट्यात झाकले. मग म्हणाली, "घाला कोणय एकदा. पावसाची हवा, चेडवाक थंड लागता."

"काकी, तू घाल," गौरवी म्हणाली. सुलोचनाने कुंची चढवली. बंदही तिनेच बांधले.

सगळे गेल्यावर विमलने तिचे हात धरले. "माका माफ कर गो."

"ह्यां तुमी भावोजी आसताना बोलाक होया होतां, वयनी," सुलोचना म्हणाली. "तेव्हा लोकांनी आयकला असता."

पुढचे दोन महिने तिच्या दारात कुंचीसाठी एकही बाई फिरकली नाही.

वाचकहो, विमल बदलली, पण कधी? पाणी तिच्या स्वतःच्या गळ्याशी आलं तेव्हा. विधवेला अशुभ ठरवणारी रूढी पोथीत बसून राहत नाही, ती आपण आपल्या घरात रोज पाळतो, आणि पाळताना स्वतःला भलं समजतो. म्हणून सांगणं एवढंच: जिच्या कपाळावर आज कुंकू आहे तिने आजच बोलावं, आणि तिच्या नवऱ्यानेही. त्यांच्या शब्दाला समाजात आज किंमत आहे. उद्या ती उरेल याची खात्री कुणी दिलेली नाही.