ताईला कोणी नेलं

नवेकोरे कपडे आणायचे आणि त्यांची पार दुर्दशा करायची, याबद्दल कोणी महिन्याच्या महिन्याला पगार देतं यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. सिनेमाच्या कपडेपटात तिचं काम मात्र नेमकं तेच होतं. हमालाचा सदरा असो की विधवेचं पांघरूण, दुकानातून आलेला माल तिच्या टेबलावर पडायचा आणि चार दिवसांनी वीस वर्षं वापरल्यासारखा होऊन बाहेर पडायचा. चहाच्या पाण्यात बुडव, सँडपेपरने कोपर घास, खिशात दगड भरून टांगून ठेव. एकदा तर घरची किसणीसुद्धा तिने या कामाला नेली होती आणि त्यावरून ताईने आठ दिवस अबोला धरला होता. कपडेपटातले सगळे तिला जुनी म्हणत. वय एक्केचाळीस, पण नाव कामावरून पडलेलं, त्यामुळे तिला राग नव्हता.

कापडाला हात लावण्याआधी जुनी त्याची चौकशी करायची. हा घालणारा ओझं कोणत्या खांद्यावर घेतो? भिंतीला टेकून बसतो की गुडघे मोडून? तोंड कशाने पुसतो? उत्तरं मिळाली की हात आपोआप चालायचे. मिळाली नाहीत तर ती हटून बसायची आणि मग मुख्य शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणत, त्याच्याशी तिची जुंपायची.

यावेळी टेबलावर तीन पोशाख आले होते, तिन्ही एकाच बाईचे. पहिला पांढरा, ती भोळी असतानाचा. दुसरा लाल, टिकल्यांचा, ती बदनाम वस्तीत गेल्यानंतरचा. तिसराही तसाच लाल, पण खांद्यावर फाटलेला, कारण त्यात तिला मरायचं होतं. आपल्या सिनेमात अशा बाईला शेवटी मरावंच लागतं, त्याशिवाय प्रेक्षकांना तिच्यासाठी रडायची सोय होत नाही.

"हिला कोण आणून सोडतं वस्तीत?" जुनीने मास्तरला विचारलं.

"मामा. दारुडा असतो. फसवून नेतो."

जुनीला स्वतःचा मामा आठवला. दोनच दिवसांपूर्वी तिच्या स्वतःच्या मामीचा फोन आला होता. मामा दवाखान्यात आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, तो सारखा तुझंच नाव घेतो, एकदा येऊन जा. जुनीने सरळ सांगितलं होतं, मी येणार नाही. आणि फोन ठेवल्यावर तिला बरंही वाटलं होतं. तेवीस वर्षं ती त्या माणसाच्या दारात गेली नव्हती. आता मरताना कशाला जायचं?

कारण तिच्या ताईलाही मामानेच नेलं होतं. तेव्हा जुनी नऊ वर्षांची आणि ताई एकोणीसची. वडील नव्हते. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पलीकडच्या गल्लीत राहायचा आणि प्यायचा. एका सकाळी तो आला, ताईची बॅग उचलली आणि दोघं गाडीच्या थांब्याकडे गेले. ताई वळून वळून बघत होती. त्यानंतर ताई शहरात राहिली, आणि तिच्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. शहरात ती काय करते हे जुनीला अठराव्या वर्षी कळलं. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जुनी तशीच उठली, मामाच्या दारात उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू माझ्या बहिणीला विकलंस." मामा खुर्चीत बसला होता. त्याने एक शब्द उलट काढला नाही. जो माणूस काही बोलत नाही त्याने केलेलंच असतं, हे जुनीला तेव्हा सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं.

ताईने अकरा वर्षांनी ते सगळं सोडलं. आता दोघी बहिणी एकत्र राहत होत्या. ताई खालच्या लाँड्रीत इस्त्री करायची आणि घरी आल्यावरही जे दिसेल ते इस्त्री करायची, अगदी भांडी पुसायचं फडकंसुद्धा. मधल्या अकरा वर्षांचा विषय दोघींनी कधी काढला नव्हता. जुनीला वाटायचं, आपण ताईच्या जखमेवरची खपली काढत नाही, केवढे समजूतदार आहोत.

पण काम ते काम. तो तिसरा लाल पोशाख कुठे झिजवायचा हे काही केल्या तिला सुचेना. दिवेलागणीला घरी आली तेव्हा ताई उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवत होती. जुनीने तो पोशाख तिच्यासमोर पसरला आणि धीर करून विचारलं, "ताई, तू तेव्हा काय घालायचीस? कुठे झिजायचं?"

ताईने इस्त्री उभी ठेवली. चिडली नाही. पोशाखाकडे पाहून हसू आवरत म्हणाली, "हे टोचत नाही का? आम्ही सुती घालायचो. दिवसातून तीनदा अंग धुवायचं, तेवढ्याच वेळा कपडे. झिजायचं ते साबणाने. अख्खंच्या अख्खं पातळ व्हायचं, आरपार दिसेपर्यंत. खांद्यावर कशाला फाटेल? मी कपड्यांना फार जपायचे."

जुनीने ते टिपून घेतलं. मग तिची नेहमीची पुढची चौकशी आपसूक तोंडून निघाली. "आणि मामाने नेलं, त्या दिवशी काय होतं अंगावर?"

"कोणत्या मामाने? कुठे नेलं?"

"आपल्या मामाने. वस्तीत."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला ताप आहे का ते बघावं. "मामा माझी बॅग उचलायला आला होता. जड होती, आईने डबे भरून दिले होते. मला डबाबंद मालाच्या कारखान्यात काम लागलं होतं. थांब्यावर गाडीत बसवलं त्याने आणि परत गेला. हे तुला कोणी सांगितलं?"

जुनीला आठवेना. खरंच आठवेना. आईने? आई तर नाव निघालं की उठून जायची. शेजारच्या काकूने? ती आठवायला लागली आणि हाताला लागला तो एक सिनेमा. ताई गेली त्याच आठवड्यात काकूने तिला दाखवलेला. त्यात मामा होता, दारूची बाटली होती, बॅग होती, आणि वळून वळून बघणारी मुलगी होती. थांब्याकडे जाताना ताई वळून बघत होती की ती पडद्यावरची? जुनीच्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली.

"मग तुला कोणी ढकललं?" तिने विचारलं.

"काय सांगू तुला?" ताई अभ्र्याची घडी घालू लागली. "कारखान्यातला मुकादम सोडत नव्हता. नाही म्हटलं की रात्रपाळी, मग कामावरूनच काढायचा. सहा ठिकाणी काम बदललं, सगळीकडे कोणी ना कोणी तोच. एक मैत्रीण वस्तीत गेली होती. म्हणाली, इथे निदान फुकट नाही. गेले मी. कोणी हाताला धरून नेलं नाही, आणि हौसेने गेले असंही नाही. सगळ्यांनी थोडं थोडं ढकललं. एकाचंच नाव कसं घेऊ?"

"मला कधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू मामाशी बोलत नाहीस, ते आईच्या घराच्या वाटणीवरून असेल, असं मी धरून चालले. आणि तो माझ्याकडे फिरकला नाही, तेव्हा वाटलं, लाज वाटत असेल माझी. सगळ्यांनाच वाटायची." मग ती अचानक थांबली. "तू त्याला काही बोलली नाहीस ना?"

जुनी काही बोलली नाही, आणि ताईला उत्तर मिळालं.

सकाळी जुनी कामावर गेली खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. रागावायचं कोणावर हेच तिला कळेना. तेवीस वर्षं राग अगदी सोयीचा होता, त्याला नाव होतं, पत्ता होता. आता तो कारखाना, तो मुकादम, ती काकू, आई, आणि आपण स्वतः, सगळे थोडे थोडे समोर येत होते आणि हाताला कोणीच लागत नव्हतं. दिग्दर्शक पोशाख बघायला आला तेव्हा तिने एकदम विचारलं, "साहेब, हिला मामाने नेलंच नसेल तर?"

"मग कोणी नेलं?"

"एकाने असं नाही. थोडं थोडं सगळ्यांनी."

दिग्दर्शक स्वभावाने वाईट नव्हता. त्याने खरंच क्षणभर विचार केला. "अहो, मग शेवटी नायक मारणार कोणाला?" तो म्हणाला, आणि खांदा आणखी थोडा फाडायला सांगून निघून गेला.

जुनीने पोशाख तसाच टेबलावर टाकला, मास्तरला अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली आणि दवाखाना गाठला.

मामा ओळखू येत नव्हता. चादरीखाली माणूस आहे की नुसती घडी, असं वाटत होतं. मामी पायाशी बसली होती. जुनीला बघून तिने उठून जागा करून दिली. मामाने डोळे उघडले.

"आलीस पोरी. बरं झालं. तुझ्या ताईची माफी मागायची राहिली आहे. तिच्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही. तू सांग तिला."

"कशाची माफी, मामा?"

"तूच नाही का सांगितलंस, दारात उभी राहून?"

जुनी त्याच्याजवळ वाकली. "तुला आठवतंय का, तू तिला विकल्याचं?"

"नाही गं," तो म्हणाला. "बॅग उचलल्याचं आठवतं. जड होती. पुढचं काही नाही. त्या दिवसांत मी फार प्यायचो, दिवसच्या दिवस पुसून गेलेत. तू आलीस तेव्हा मला वाटलं, असेल, केलं असेल मी. तू लहान होतीस, पण बघितलं असशील. पोर कशाला खोटं बोलेल? त्या दिवसापासून थेंब घेतला नाही बघ. पण सोडून काय उपयोग, जे केलं ते केलं."

जुनी आणखी जवळ सरकली. तिने कॉटचा दांडा धरला. "तू काही केलं नाहीस, मामा. मी काही बघितलं नव्हतं. मी सिनेमा बघितला होता."

मामा हसला. त्याने सुकलेला हात तिच्या हातावर ठेवला. "गुणाची आहेस. जाणाऱ्या माणसाशी असंच बोलावं."

"तसं नाही रे. खरंच सांगते."

"हो, हो."

तिने घाईघाईने ताईला फोन लावला आणि फोन मामाच्या कानाशी धरला. पलीकडून ताईचा आवाज ऐकू येत होता. मामा, तू मला गाडीत बसवून परत गेलास, मी कारखान्यात गेले, तुझा काही संबंध नाही, ऐकतोयस ना? ती तेच तेच सांगत होती आणि मध्येच रडत होती. मामा डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या कानशिलावरून पाणी वाहत होतं.

"हिनेही माफ केलं," तो मामीकडे वळून म्हणाला. "दोघींनी केलं." मग तो शांत झोपला, श्वास संथ चालू होता, आणि उठवून पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचं बळ जुनीत नव्हतं.

मामी तिला दारापर्यंत सोडायला आली. निदान हिला तरी नीट सांगू, म्हणून जुनीने तोंड उघडलं, तेवढ्यात मामीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तुमची मनं मोठी आहेत," मामी म्हणाली. "माझं नाही झालं तेवढं. तू दारात येऊन बोललीस, त्या दिवसापासून मी त्याला दोन वेळचं वाढलं, आजारपण काढलं, पण तोंडभरून कधी बोलले नाही. असल्या माणसाशी काय बोलायचं?"