एका माणसाचा रकाना

प्रकल्पाच्या शंभर पानांपैकी एकसष्टावं पान तिचं सगळ्यांत लाडकं होतं. त्या पानावर तक्ता क्रमांक अकरा होता. आडव्या ओळींत कारखान्यातली खाती, उभ्या रकान्यांत नोकरीची वर्षं, आणि प्रत्येक घरात किती कामगार काय म्हणाले त्याचा आकडा. विभागप्रमुख बाईंनी त्या पानावर बोट ठेवून "याला म्हणतात काम" असं सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं. या बाई कुणाचं कौतुक करायची वेळ आली की दात काढायला बसल्यासारखा चेहरा करायच्या, त्यामुळे त्या तीन शब्दांवर ती आठवडाभर तरंगत होती.

कार्मिक व्यवस्थापन आणि औद्योगिक संबंध असं तिच्या अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव होतं. घरात ते कुणाच्या तोंडात बसत नसे. मामी शेजारणींना सांगायची, "ती माणसांचं शिकते." त्यावर मामा म्हणायचे, "माणसांचं नाही गं, माणसं कामाला कशी लावायची त्याचं." आई गेल्यापासून, म्हणजे सहाव्या वर्षापासून, ती याच दोघांकडे वाढली होती. विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवसापासून मामा तिला साहेब म्हणायला लागले. "साहेब, जरा पाणी आणा," असं ते पाय पसरून म्हणायचे आणि साहेब मुकाट्यानं पाणी आणायचे.

मामा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं प्रेस खात्यात होते. नाकासमोर चालणारा माणूस. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी तिला कुठलाच कारखाना दारात उभं करेना, तेव्हा मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कार्मिक अधिकाऱ्याकडे शब्द टाकला. हा अधिकारी तिच्याच विभागातून बारा वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेला. बोलणं इतकं गोड की कामगारांनी त्याचं नाव साखरसाहेब ठेवलं होतं. त्यानं लगेच परवानगी दिली. अट एकच, अहवालाची एक प्रत कंपनीला द्यायची.

कॅन्टीनमधल्या बाकावर उभं राहून तिनं स्वतः सगळ्यांना सांगितलं होतं, "फॉर्मवर नाव लिहू नका, सही करू नका. कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही." पुस्तकात अगदी असंच सांगायला लिहिलं होतं. एकशे बारा जणांनी फॉर्म भरले. मामाही रांगेत उभे राहून, जणू ती कुणी परकी बाई आहे अशा थाटात फॉर्म घेऊन गेले. पुढे माहिती संगणकात भरायला मैत्रीण मदतीला आली. मैत्रिणीनं वाचायचं आणि हिनं टाइप करायचं, असं तीन दिवस चाललं. त्यामुळे कुणाचं अक्षर कसं आहे हे तिनं पाहिलंच नाही.

आणि तिथंच घात झाला. फॉर्मवर नाव नव्हतं, पण खातं होतं आणि नोकरीची वर्षंही होती. प्रेस खातं, पंचवीस वर्षांहून अधिक, या रकान्यात आकडा आला होता एक. अनाडी माणसानं असा तक्ता कधी काढलाच नसता. तिला मात्र शिकवलं होतं की वर्गवारी जितकी बारीक तितका अभ्यास खोल. पुन्हा त्या तक्त्याखाली नमुन्यादाखल तिनं कामावरच्या सुरक्षिततेबद्दलच्या चौदाव्या प्रश्नाचं एक उत्तर शब्दशः छापलं आणि कंसात खातं व नोकरीची वर्षं टाकली. विभागप्रमुख बाईंनी ते वाचलं, दोन बाहेरच्या परीक्षकांनी वाचलं, आणि कुणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली नाही.

साखरसाहेबांना मात्र ते पान उघडल्या उघडल्या तो एक माणूस कोण ते समजलं. शेवटी तेही त्याच विभागात शिकले होते.

एका मंगळवारी मामा पाळी अर्धी टाकून दुपारीच घरी आले. चपला दारात काढल्या आणि हातातलं पाकीट तिच्यापुढे धरलं. "साहेब, हे काय आहे बघ जरा. इंग्रजीत आहे."

ते आरोपपत्र होतं. कारखान्यात दोन अपघात झाले असताना त्यांच्या खोट्या अहवालांवर साक्षीदार म्हणून सही केली आणि खरी हकिगत कंपनीपासून लपवून ठेवली, सबब कामावरून का काढू नये, असा मजकूर होता. आधार म्हणून खाली लिहिलं होतं, विद्यापीठाचा प्रकल्प अहवाल, पान एकसष्ट. ते पान तिला तोंडपाठ होतं, तरी तिनं प्रत काढून पुन्हा वाचलं.

"दोन बटणं दोन हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते," असं त्या उत्तरात होतं. "आमच्याकडे एक बटण तारेनं दाबून बांधून ठेवायला लावतात, म्हणजे एक हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो आणि माल जास्त निघतो. दोघांची बोटं गेली. अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, दोन्ही वेळा."

"मामा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"का लिहिलंत?"

मामांना प्रश्नच कळला नाही. "तू म्हणालीस ना, कुणाला कळणार नाही म्हणून," ते म्हणाले. मग पाकीट परत घेत, "सत्तावीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं."

मामी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि भाचीकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "तिला चांगले मार्क मिळाले ना? मग झालं तर." एवढं बोलून ती परत आत गेली. दोन दिवस तिनं भाचीला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. भाचीला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आरोपपत्राचं उत्तर तिनंच लिहून दिलं. "आरोप मला मान्य नाहीत," या एका वाक्यावर तिनं मामांची सही घेतली. युनियनच्या कार्यालयात गेली तर सेक्रेटरी तिचा अहवाल चाळत म्हणाला, "ताई, सह्या त्यांच्याच आहेत. आम्ही काय करणार?" वेतनकरार तोंडावर आलेला होता आणि साऱ्या पुढाऱ्यांनी मूग गिळले होते. खातेनिहाय चौकशीत कामगाराला आपल्या बाजूनं एक सहकारी बसवता येतो. तो हक्क कुठल्या निकालातून आला हे ती परीक्षेत झोपेतही लिहू शकली असती. प्रेस खात्यातला एकही माणूस बसायला तयार झाला नाही.

मग ती साखरसाहेबांकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, विभागातल्या जुन्या शिक्षकांची चौकशी केली.

"तार कुणी बांधायला लावली, ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"त्याची वेगळी चौकशी होईल." हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात म्हटलं की ती कधीच होणार नाही हे तिला कळून चुकलं. "तुमच्या मामांबद्दल मला व्यक्तिशः आदर आहे. पण कंपनीला अंधारात ठेवलं गेलं. आता अहवालावर तुमचं नाव आहे, तेव्हा साक्षीला तुम्हालाच बोलवावं लागेल. जास्त काही नाही. तक्ता बरोबर आहे, एवढंच सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग तक्ता खोटा ठरेल. विद्यापीठाला कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. पदवी तर जाईलच, पण पुढे कुणी दारात उभं करणार नाही. आपल्या विभागाचं नाव खराब झालेलं मलाही बघवणार नाही हो." त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. तिनं तो घेतला नाही.

घरी आली तर मामा तिची वाट बघत बसले होते. त्यांनी मनात बेत पक्का केला होता. "खात्यातलं कुणी येत नाही तर नसू दे," ते म्हणाले. "तूच बस माझ्या शेजारी. तुला सगळं येतं. दोन वर्षं हेच शिकलीस ना?"

तिनं सांगितलं की ती त्यांच्या शेजारी बसू शकत नाही, समोर बसणार आहे, कंपनीची साक्षीदार म्हणून. मामांनी समजल्यासारखी मान डोलावली. तिला स्वतःची इतकी किळस आली की ती उठून मोरीत तोंड धूत उभी राहिली.

तिथंच तिनं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एकशे बारा फॉर्मांच्या गठ्ठ्यातून मामांचा फॉर्म शोधून काढला आणि गॅसवर धरून जाळला. चौकशीच्या दिवशी सकाळी तिनं मामांना बजावलं, "माझी साक्ष झाली की तुम्हाला विचारतील, उलटतपासणी घ्यायची आहे का. नाही म्हणायचं. दुसरा शब्द बोलायचा नाही."

चौकशी प्रशिक्षणाच्या खोलीत होती. लांब टेबलाच्या डोक्याशी चौकशी अधिकारी, म्हणजे कंपनीनं बाहेरून आणलेला एक म्हातारा वकील, त्याच्या शेजारी टायपिस्ट मुलगी. एका बाजूला साखरसाहेब फाइल घेऊन, दुसऱ्या बाजूला मामा, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. प्रत्येक वाक्य वकील आधी ऐकायचा, मग आपल्या भाषेत टायपिस्टला सांगायचा.

साखरसाहेबांनी पान एकसष्ट तिच्यापुढे ठेवलं. "हा तक्ता आपण तयार केला?"

"हो."

"त्याखालचं उत्तर प्रेस खात्यातल्या, पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी असलेल्या कामगाराचं आहे?"

"नाही. ते कुणाचंच नाही. ते मी रचलं."

टायपिस्टचे हात थांबले. साखरसाहेब पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. "पण रकान्यात एक असा आकडा आहे."

"तोही मीच घातला. त्या रकान्यात मला कुणी मिळालं नव्हतं. प्रकल्प भारी दिसावा म्हणून लिहून टाकलं."

"याचे परिणाम आपल्याला माहीत आहेत?"

"आहेत," ती म्हणाली. आवाज कापला नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात जात होती आणि तिला चक्क हलकं वाटत होतं. साखरसाहेबांकडे दुसरा पुरावा नव्हता. त्यांनी फाइलची पानं पुढेमागे केली आणि प्रश्न संपले म्हणून सांगितलं.

चौकशी अधिकारी मामांकडे वळला. "साक्षीदाराला काही विचारायचंय?"

मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणा.

"विचारायचंय," मामा म्हणाले. "पोरी, तू खोटं का बोलतेस?"

"मामा, खाली बसा."

"साक्षीदारानं उत्तर द्यावं," चौकशी अधिकारी म्हणाला.

"ती नाही द्यायची. मीच सांगतो. ते मी लिहिलंय. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसून लिहिलंय."

"मामा, पाया पडते तुमच्या."

"थांब गं." मामा तिच्याशी बोलत होते, पण बघत होते वकिलाकडे. "मला सही करायला सांगितली, मी केली. दोनदा केली. म्हटलं, बायको आहे, लेकरू आहे घरात. ज्याची तीन बोटं गेली ना साहेब, तो बाजारात भेटतो मला. मी दिसलो की हात खिशात घालतो. मला तो हात बघून वाईट वाटू नये म्हणून. मी त्याच्या विरुद्ध सही केली आणि तो माझी काळजी घेतो. असं जगणं काय असतं ते मला माहीत आहे. आता ही खोट्या कागदावर सही करणार, माझ्यासाठी. मग हिनंही तसंच जगायचं? ते नको. लिहा, मला आरोप मान्य आहे."

बाहेर प्रेसचे ठोके चालू होते, एकामागून एक, न चुकता.

"बटण बांधायला कुणी सांगितलं, तेही लिहा," ती म्हणाली.

"तो भाग आरोपपत्राबाहेरचा आहे," चौकशी अधिकारी म्हणाला. त्याचा स्वर वाईट नव्हता, नुसता सवयीचा होता. "आपल्याला आपली साक्ष बदलायची असेल तर आत्ता बदलता येईल. सही झाल्यावर येणार नाही."

तिनं मामांकडे पाहिलं. ते खाली बसले होते आणि रुमालानं मान पुसत होते. आता ती खोटी राहिली काय आणि खरी झाली काय, त्यांची नोकरी गेलीच होती. तिच्या हाती उरलं होतं ते एवढंच की त्यांनी जे मागितलं ते द्यायचं, आणि ते देण्यासाठी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची.

"बदलायची आहे," ती म्हणाली. "तक्ता बरोबर आहे. प्रेस खात्यात पंचवीस वर्षांवरचा एकच माणूस आहे आणि ते माझे मामा आहेत."

टायपिस्टनं या वेळी वकिलाची वाट न बघता जसंच्या तसं टाइप केलं. चौकशी अधिकाऱ्यानं चष्मा लावून कागद वाचला आणि 'माझे मामा' हे शब्द खोडून तिथं 'आरोपित कामगार' असं घालायला सांगितलं. मग तो कागद त्यानं सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.