दोनदा मोजलेल्या नोंदी

प्राध्यापकबाईंना संशय आला तो लॅपटॉपवरून. त्या प्रयोगशाळेत शिरल्या, की त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी तो चटकन मिटायची. आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालं.

बाईंचं सगळं नाव एका पद्धतीवर उभं होतं. प्रोग्रॅममधल्या जुन्या बदलांच्या नोंदी बघून पुढची चूक कुठल्या फाइलमध्ये निघेल, हे ती आधीच सांगायची. त्यावरचा शोधनिबंध अठरा वर्षांपूर्वीचा. बढती, परिषदांची आमंत्रणं, सगळं त्याच्या जिवावर. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने त्यांची कल्पना परस्पर आपल्या नावावर छापली होती.

"दुधाने तोंड पोळलंय तुझं, म्हणून ताक फुंकतेयस," थोरली बहीण फोनवर म्हणाली. "सरळ विचार की तिला."

"विचारलं तर सावध होईल, ताई."

पोरगी जेवायला गेल्यावर बाईंनी विभागाच्या सर्व्हरवरचं तिचं फोल्डर उघडलं. आत एकच चाचणी वीसेक वेळा केलेली, आणि दर खेपेला पद्धतीची अचूकता निबंधातल्या चौऱ्याऐंशीवरून सत्तावन्न टक्क्यांवर आलेली. आपल्याला खोटं पाडायचा घाट! पण कुणाच्या सांगण्यावरून?

कान तापले. तिची चूक पकडायला त्या ओळ न् ओळ वाचू लागल्या. चूक सापडली, पण ती बाईंच्याच जुन्या कोडमध्ये. एकच दुरुस्ती दोन ठिकाणी नोंदलेली असली, की त्यांचा कोड ती दोनदा मोजायचा. एक नोंद पद्धतीला शिकवायला जायची, दुसरी तिची परीक्षा घ्यायला. म्हणजे पेपर फोडूनच परीक्षा झाली होती.

तेवढ्यात पोरगी परत आली. पडद्याकडे बघून दारातच थबकली.

"कधीपासून माहितीये तुला?" बाईंनी विचारलं.

"दोन महिने, मॅडम."

"आणि लपवत होतीस?"

"कुठल्या तोंडाने सांगणार? वाटलं, माझंच काही चुकतंय. म्हणून परत परत मोजत होते." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही माझं फोल्डर उघडलंत?"

"हो. चोर समजले तुला."

पोरीने आपला लॅपटॉप उचलला आणि ती निघून गेली.

"अठरा वर्षांनी कोण बघतंय? हात दाखवून अवलक्षण कशाला?" विभागप्रमुखांनी समजावलं. तरी बाईंनी नियतकालिकाला पत्र धाडलं: निबंध मागे घ्या, चूक माझी, शोधली माझ्या विद्यार्थिनीने.

निबंध मागे घेतला गेला. पुढच्याच महिन्यात पोरीने मार्गदर्शक बदलून मागितला. कारणाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं होतं. बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.