गोळीवरची रेघ

केकवाल्याने रेघ अगदी मधोमध काढली होती. केक औषधाच्या गोळीच्या आकाराचा, वर साखरेचा पांढरा थर. डॉर्थियाने सुरी रेघेवर ठेवली, मग उचलून बोटभर बाजूला कापलं.

"आज तरी सरळ काप की गं," तिचा साहेब लॉर्न हसला. "माझ्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाकडं?"

ग्वेल्फ शहरातल्या त्यांच्या कंपनीचं नाव झालं ते मधुमेही मांजरांच्या या गोळीमुळे. दिवसभर थोडं थोडं औषध सोडणारी ही गोळी डॉर्थियाने बनवली होती. सगळं काम वरच्या पातळ आवरणाचं. ते फुटलं की दिवसाचं औषध एकदम अंगात उतरणार, साखर जीवघेणी घसरणार. म्हणूनच तिने लॉर्नला बजावलं होतं, रेघ नको. रेघ दिसली की माणसं गोळी मोडणारच.

"लोकांना रेघ बरी वाटते," साहेबांचा निकाल.

चाचणीत मर्फी नावाचा बोका दगावला. पुढच्या गोळ्यांवरून रेघ गुपचूप नाहीशी झाली. आवरणातच खोट होती, असं लॉर्नने कंपनीत सांगितलं आणि डॉर्थियाची रवानगी मागच्या साठवणीच्या खोलीत झाली. ती भांडली नाही. तो निवृत्त होईल त्या दिवशी, सगळ्यांदेखत बोलायचं; तेव्हाच त्याला खरं झोंबेल. त्या खोलीत बसून ती एकेक वाक्य धार लावून ठेवत आली होती.

मर्फीच्या मालकीणबाई मिसेस बोहॅनन घरी केलेल्या गोड बटर टार्टचा डबा घेऊन आल्या होत्या.

"नवी मांजर कशी आहे?" डॉर्थियाने विचारलं.

"तिलाही साखर निघाली बघ. पण गोळी शेजारीण देते. मी हात लावत नाही." त्यांनी बोटं रुमालात गुंडाळली. "मर्फीची मीच मोडली ना. जेवला नव्हता, म्हणून अर्धीच दिली. लॉर्न म्हणाला, चूक तुमच्या हातून झाली, पण मी कुणाला सांगणार नाही. देवमाणूस गं."

डॉर्थियाची बशी कलंडली. खाली पडलेला केक तिने उचलला नाही.

"डॉर्थी! दोन शब्द!" लॉर्नने माइक पुढे केला. "चांगलेच बोल हं!"

घोकून ठेवलेलं पहिलं वाक्य त्याच्या नावाने सुरू होत होतं. तिने माइक घेतला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"मिसेस बोहॅनन, मर्फी तुमच्यामुळे गेला नाही. मी नको म्हटलेलं असताना ती रेघ लॉर्नने काढायला लावली. आणि आजचा दिवस उजाडावा म्हणून मी गप्प राहिले."