डाव्या बुटाची टाच

माझं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझी धाकटी बहीण चालते. म्हणजे चालतात सगळेच, पण ही त्याला कला म्हणते! पॅकिंगच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून तिने गावाबाहेरच्या माळावर एक रेघ धरली, पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या एकुलत्या एक खडकापर्यंत. तीनशे पावलं. परत यायचं ते खालच्या सडकेने, आणि पुन्हा तीच रेघ. रोज सकाळी वीस वेळा, तेही डोळे मिटून. सहा महिन्यांत गवतात वीतभर रुंदीची वाट उठली.

"डोळे मिटून कशाला गं बाई? पडशील, दात घशात जातील."

"डोळे उघडे असले की पाय आळशी होतात, दादा. मिटले की कळतं, इथे मुरूम, इथे भुसभुशीत, इथे उतार उजवीकडे ओढतोय."

मी कपाळावर हात मारला. शेवटी तिच्याकडून कबूल करून घेतलं. कलाशाळेची मंडळी रविवारी तिचं चालणं बघायला येणार होती. त्यांनी प्रदर्शनासाठी निवडलं तर मी ब्रसुद्धा काढणार नाही, नाही निवडलं तर सोमवारी मुकाट्याने कारखान्यात. ती हो म्हणाली, पण तिचं तोंड एवढंसं झालं. वाईट वाटलं मला, नाही असं नाही.

शनिवारी तिचे बूट दारात दिसले. डावी टाच बाहेरच्या अंगाने पार झिजलेली. मोठी माणसं येणार आणि ही असले बूट घालून उभी राहणार? माझे हात शिवशिवले. दुकानात नेले, रापीने जुनी टाच काढली, नवी ठोकली, दोन्ही तळ अगदी सपाट केले आणि वर पॉलिश मारलं. सकाळी ती घाईत होती. "पॉलिश केलंस होय रे?" एवढंच म्हणाली. टाचेचं मी बोललो नाही, उगाच कौतुक कशाला करून घ्या.

माळावर मंडळी खडकाजवळ उभी राहिली, मीही त्यांच्यात. तिने टाकीपाशी डोळे मिटले आणि निघाली. काय चालत होती! इतक्या वर्षांत मी तिच्याकडे कधी धड बघितलंच नव्हतं. जमिनीला विचारून विचारून पाऊल टाकत होती.

मग उतार आला आणि ती रेघेवरून सरकली. चार बोटं, मग हातभर, मग थेट उंच गवतात. चेहरा मात्र तसाच निर्धास्त. माझी नजर तिच्या डाव्या बुटावर गेली. ती टाच झिजलेली नव्हतीच हो, त्या उताराच्या मापाची झाली होती. आणि तीस वर्षांच्या धंद्यात माझ्यासारख्या शहाण्याला ते दिसलं नाही.

तीनशे पावलं झाली. तिने खडकाला लावायला हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. खडक वीस पावलं बाजूला होता. तिने डोळे उघडले, आधी आमच्याकडे बघितलं, मग पायांकडे.

मंडळी सभ्य होती. "छान प्रयत्न आहे," म्हणाली आणि गाडीत बसून गेली.

"टाच बदललीस?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"विचारायचं तरी होतंस, दादा!" एवढं बोलून ती रडायला लागली. मला तोंड वर करवेना.

सोमवारी मी दुकान उघडतोय तोच ती डबा घेऊन दारात. कारखान्यात निघाली होती, शब्दाची पक्की. आत आली, डावा बूट काढून माझ्यापुढे ठेवला.

"ही टाच पुन्हा तशी व्हायला किती दिवस लागतील रे?"

मी बूट उलटा करून बघितला. दिसत काहीच नव्हतं, डोळे भरून आले होते.

"कारखान्याच्या फरशीवर? जन्मात नाही व्हायची," मी म्हणालो. "डबा ठेव इथे. माळावर जा."