तिसरा रकाना

यादीवाल्यांनी फ्रिजच्या कपाळावर पिवळी टिकली लावली आणि ती बसेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.

“फ्रिज साहेबांकडे. काही हरकत?”

“छे,” बाई म्हणाल्या. “फक्त ह्यांना विचारा, दार नीट लागत नाही ते लक्षात आहे ना. नंतर म्हणतील, मोडकं माझ्या गळ्यात मारलं.”

“बाईंना सांगा, दार गेल्याच आठवड्यात दुरुस्त केलंय,” साहेब म्हणाले. “त्यांना हवा असेल तर खुशाल न्यावा.”

दोघांमध्ये जेमतेम तीन फुटांचं अंतर होतं. यादीवाल्यांनी निरोप कुणालाच पोचवला नाही.

बाई दातांच्या डॉक्टर होत्या. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायचं आणि आत डोकावायचं, हे त्यांचं काम. साहेब लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर. गावातल्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या सहीवर वरखाली होत. ते स्वतः राहत त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सतरा वर्षांच्या संसारानंतर दीड महिन्यापूर्वी दोघांचा घटस्फोट झाला होता. अर्जात कारणापुढे ‘संवाद नाही’ असं लिहिलं होतं, आणि तेही एकमेकांशी एक शब्द न बोलता. आता घर विकायचं होतं, त्याआधी घरातल्या वस्तूंची वाटणी. दोन्ही वकिलांनी मिळून यादीवाल्यांना पाठवलं होतं. चार वाजता बाईंचा टेम्पो येणार होता. तोवर यादीवर दोघांच्या सह्या पडल्या की विषय मिटला. पुन्हा एकमेकांचं तोंड पाहायचं काही कारण उरणार नव्हतं.

यादीवाल्यांची पद्धत साधी होती. हिरवी टिकली बाईंची, पिवळी साहेबांची. वहीत तीन रकाने: तिचं, त्याचं आणि वादाचं. तीस वर्षांच्या अनुभवामुळे ते तिसरा रकाना पहिल्या दोहोंपेक्षा रुंद आखत. कुकरच्या शिटीवरून कोर्टाच्या दोन तारखा पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. एका जोडप्याने पलंग करवतीने मधोमध कापायची तयारी दाखवली होती, पण करवत कुणाची यावर घोडं अडलं होतं. इथे मात्र सकाळपासून एकशे बारा वस्तू झाल्या तरी तिसरा रकाना स्वच्छ. सोफा घ्या, नको तुम्हीच घ्या. कपाट? आधी त्यांना विचारा. यादीवाल्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. इतकं पटतंय तर फाटलं कशावरून, हा प्रश्न त्यांच्या जिभेवर येऊन परत जात होता. तो यादीत बसणारा नव्हता. म्हणून ते जाड निबाचं आपलं पेन नुसतंच उघडत आणि बंद करत. हे पेन ते कुणाला सहीपुरतंही देत नसत.

“झालं का?” बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळावर पिवळी टिकली होती, तरी वेळ ते दोघांना सारखीच दाखवत होतं. सव्वातीन.

“माळा राहिला,” यादीवाले म्हणाले आणि स्वतःच स्टुलावर चढले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते काही लिहीत नसत.

माळ्यावर एकच वस्तू होती. हातभर लांबीची लोखंडी पेटी, तिला निळ्या फुलांचं कव्हर, पुढे कडीत लहानसं कुलूप. त्यांनी ती सांभाळून उतरवली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली.

“ती ह्यांची,” बाई म्हणाल्या.

“ती बाईंची,” साहेब म्हणाले, त्याच क्षणी.

“एकेकानं बोला,” यादीवाले म्हणाले. “मला एकच हात आहे लिहायला.”

“माझी कशी असेल? ह्या घरात आलो त्या दिवशीच माळ्यावर पाहिली मी. ह्यांच्या सामानातून आलेली.”

“माझं सामान म्हणजे दोन बॅगा. बाईंच्या माहेरून ट्रक आला होता. त्यातली ती.”

“बरं. आत काय आहे?”

दोघंही कुलपाकडे बघू लागले.

“सतरा वर्षांत उघडून बघितली नाहीत?”

“दुसऱ्याची पेटी मी उघडत नाही,” बाई म्हणाल्या.

“विचारलंही नाहीत?”

“एखाद्यानं कुलूप लावलंय,” साहेब म्हणाले, “म्हणजे विचारू नये असंच ना?”

यादीवाल्यांनी चष्मा सारखा केला. आता त्यांना टेम्पोचीही आठवण राहिली नाही. ते पेटीभोवती एक चक्कर मारून आले.

“कव्हर नवं दिसतंय.”

“मी शिवलंय,” बाई म्हणाल्या. “तिसरं आहे हे. माळ्यावर धूळ फार. ह्यांची जपून ठेवलेली वस्तू, खराब व्हायला नको म्हणून.”

साहेबांनी मान वर केली.

“आणि कुलपाला गंज कसा नाही?” यादीवाल्यांनी कुलपावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. “तेल आहे हे.”

“लिफ्टचं,” साहेब म्हणाले. “दर सहा महिन्यांनी दोन थेंब सोडतो. बाईंना कधी उघडावीशी वाटली तर अडायला नको.”

बाईंनी सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“तेल त्यासाठी घालायचास?”

“मग कशासाठी?”

“मला वाटायचं, तू उघडतोस. मी दवाखान्यात गेले की.” त्यांनी टेबलावरची नसलेली धूळ झटकली. “कुणाची तरी पत्रं असतील. आधीची कुणीतरी. बसून वाचत असशील, मला काय माहीत.”

साहेब कव्हरच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले.

“मला वाटायचं, तू ह्यात कपडे भरून ठेवलेत,” ते म्हणाले. “निघायचं ठरलं की उचलायची आणि चालू पडायचं. माळ्यावर नवं कव्हर दिसलं की वाटायचं, झालं, आता जाणार ही.”

यादीवाल्यांच्या हातात पेन होतं, पण ते काही लिहीत नव्हते. जरा वेळाने त्यांनी खाकरून, निव्वळ कर्तव्य म्हणून, कुलूप ओढून पाहिलं. ते सहज हातात आलं. कुलूप लागलेलंच नव्हतं. कडीत नुसतं अडकवलेलं होतं.

आत दोन डझन पडद्याच्या कड्या होत्या, दांडा नसलेली एक छत्री होती आणि तळाशी एका शिंप्याची पिवळी पडलेली पावती. साहेबांनी पावतीवरचं नाव वाचलं, मग पावती बाईंकडे दिली.

“हे तर आधीचे मालक,” बाई म्हणाल्या. “आपण ज्यांच्याकडून घर घेतलं ते.”

“मग प्रश्नच मिटला,” यादीवाले म्हणाले, आणि आपल्या आवाजातली निराशा त्यांना स्वतःलाच ऐकू आली. “तुमच्यापैकी कुणाचीच नाही, म्हणजे यादीत घ्यायचं कारण नाही. आता खाली रेघ मारतो, तुम्ही सह्या करा. वीस मिनिटं आहेत टेम्पोला.”

त्यांनी पट्टी ठेवली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “माझ्या नावावर लिहा.”

“काय, छत्री?”

“पेटी. तीन कव्हरं शिवलीत मी.”

“आणि चौतीस वेळा तेल कुणी घातलं?” साहेब म्हणाले. “ते काही नाही. माझ्या नावावर लिहा.”

“आत्ता म्हणत होतास ना, माझी म्हणून?”

“तू काय म्हणत होतीस?”

यादीवाल्यांनी पट्टी उचलली. “हे बघा, नीट ऐका. एकाही वस्तूवर वाद असला तर आज सह्या होत नाहीत. तीन आठवड्यांनी तारीख. दोघांनी हजर राहायचं, वकील पाठवून चालत नाही. तोवर घर विकता येणार नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर पडद्याच्या कड्यांसाठी. कळतंय ना?”

“कळतंय,” बाई म्हणाल्या.

“लिहा तुम्ही,” साहेब म्हणाले.

यादीवाल्यांनी लिहिलं. तिसऱ्या रकान्यात, जाड निबाने, नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात: ‘पेटी, लोखंडी, कव्हरसह, तेल घातलेली. हक्क दोघांचा.’ मग वही बगलेत मारून ते बाहेर पडले. दार लावून घ्यायला कुणी आलं नाही.

ते एक मजला उतरतात तोच वरून आवाज आले.

“पण एकदा विचारायचं ना मग!”

“तू विचारलंस?”

“मला वाटलं, तू आपण होऊन सांगशील!”

“काय सांगणार? माझी असती तर सांगितलं असतं ना!”

यादीवाले जिन्याच्या वळणावर थांबले. त्यांनी सवयीने खिशाशी हात नेला. पेन नव्हतं. पेन वर टेबलावर, पेटीजवळ राहिलं होतं. ते परत दोन पायऱ्या चढले. इतक्यात वर काहीतरी कलंडलं, लोखंडी कड्या खळखळत फरशीभर पसरल्या आणि कुणीतरी हसलं. कोण, ते काही त्यांना ओळखता येईना. मान तिरकी करून त्यांनी आणखी थोडा वेळ ऐकलं, आणि चढलेल्या दोन्ही पायऱ्या पुन्हा उतरले.

फाटकाशी टेम्पो लागत होता. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“दातांच्या डॉक्टरांचं सामान इथलंच का हो? आहेत का घरी कुणी?”

“आहेत,” यादीवाले म्हणाले. “दोघंही आहेत. पण आत्ता बेल वाजवू नका.”