राहायला बोलावलंय

सिद्रामने मूठभर पाचट पेटवलं आणि हलगीचं कातडं त्या जाळावर धरून सावकाश फिरवलं. बोटाने टिचकी मारली. अजून ढिलंच. पुन्हा फिरवलं, तेव्हा कुठे ते ताठ होऊन खणखणलं.

परसातल्या बाजेवर गुंडूचा टेपरेकॉर्डर ठेवला होता. गुंडू त्यांच्या नाटकमंडळीतला. सोमवारी सकाळी परत पाहिजे, असं दोनदा बजावून गेला होता. त्याची बायको सुलाबाई मागच्या दारात उभी राहून पुढच्या दाराकडे बघत होती.

"आप्पा उद्याच्याला येणार हाईत," सिद्राम म्हणाला. "तू आत हो. आनि भांड्याचा आवाज येऊ देऊ नको."

त्याने टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली आणि हलगी खांद्याला अडकवली.

सिद्राम निपाणीच्या एका हायस्कुलात क्लार्क होता. हलगी तो मंडळीच्या नाटकांत वाजवायचा आणि ती गुंडूकडेच ठेवायचा, कारण घरात हलगीचं नाव काढायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी एल्सा नावाची एक डच बाई पुण्यात मराठी शिकून, वाद्यं ऐकत ऐकत बेळगावला आली होती. त्यांचं नाटक बघून तिने सिद्रामचा पत्ता वहीत लिहून घेतला. आता, त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत, तिचं पत्र आलं होतं. हॉलंडमध्ये समुद्राजवळ एक मोठं घर आहे, कुठल्याही संस्थेत नसलेल्या, स्वतःच्या बळावर कला करणाऱ्या माणसांना तिथे तीन महिने राहायला बोलावतात, जाण्यायेण्याचं आणि जेवणाखाणाचं ते बघतात, तुम्ही अर्ज करा आणि सोबत वाजवण्याची टेप पाठवा, असं तिने लिहिलं होतं. सिद्रामने ते पत्र महिनाभर खिशात बाळगलं आणि अर्ध्या निपाणीला वाचून दाखवलं. फक्त वडिलांना दाखवलं नव्हतं.

त्याने वाजवायला सुरुवात केली. पहिली लय धरली, वाढवली. दुसरीवर येताना हात किंचित अडखळला, पण त्याने रेटून नेलं. कपाळावरचा घाम पुसायला तो थांबला, तेवढ्यात पुढच्या दारातून आवाज आला.

"कोन मेलंय?"

त्याचे वडील भीमाप्पा हातातली पिशवी खाली न ठेवता परसात आले होते. अनगोळला लेकीच्या घरी रंगकाम निघालं होतं, म्हणून ते एक दिवस आधीच एसटीत बसले होते. सुलाबाईने पदर तोंडाला लावला.

"कोन न्हाय, आप्पा."

"मग माझ्या घरात हलगी का वाजतीया?"

सिद्रामने हलगी खांद्यावरून उतरवली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस त्याच्यावर कधी हात उगारत नसे, आवाजही चढवत नसे. पण सत्तावन्न साली, त्यांच्या सगळ्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला त्या आठवड्यात, त्यांनी गावात कुणी मेलं की वाजवायची ती हलगी चुलीत घातली होती आणि महिन्याभरात गाव सोडून ते निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागले होते. तेव्हा सिद्राम बारा वर्षांचा होता. कातडं जळतानाचा वास त्याला अजून आठवायचा.

मग त्याने सगळं सांगून टाकलं. पत्र, घर, समुद्र. भीमाप्पा बाजेच्या कडेला टेकले. पिशवी मांडीवरच होती.

"कुनाच्या दारात वाजवायचं?"

"दारात न्हाय, आप्पा. घरात. तिथं ऱ्हायचं."

"जेवाय कुठं बशिवत्यात?"

"समद्यांच्या संगट. टेबलाला."

"वाढतंय कोन?"

"ज्येचं त्यो वाढून घेतोय म्हनं."

 पाचटाची राख वाऱ्याने उडून भीमाप्पांच्या धोतरावर आली, ती त्यांनी झटकली.

"ह्ये बघ सिद्राम," ते म्हणाले, "मला वाजवायची लाज न्हवती रं. अंगात ताप असू दे, घरात बायको बाळंत हुईत असू दे, बोलावनं आलं की उठायचं. न्हाय म्हनायची सोय न्हवती. ते मला सोसंना. ह्यांचं बोलावनंबी तसलंच हाय का?"

"तसलं नसंल, आप्पा."

"नसंल म्हंजे? इचारलास का?"

"न्हाय."

"मग इचार."

एवढं बोलून ते उठले. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"आनि त्या बारीक काडीचे ठोके खातुयास तू. डाव्या हाताला काय झालंय?"

"दुसऱ्या चालीला अडखळतंय."

"अडखळतंय न्हवं, भ्येतुयास. हिकडं दे. फकस्त दावतो."

त्यांनी हलगी अंगाशी घेतली, कातड्यावरून तळहात फिरवला आणि डोळे मिटले. सुरुवातीला दोनतीन ठोके नुसतेच पडले. वाट विसरलेल्या माणसाने इकडेतिकडे बघावं तसे. मग डावा हात जागेवर आला. सुलाबाई म्हणायची की त्यानंतर किती वेळ गेला ते तिला कळलंच नाही. शेजारची शेवंताबाई हातात कणकेचा गोळा तसाच धरून कुंपणाशी आली, तिच्यामागे आणखी चारजण आले. लय चढत गेली, फुटली, पुन्हा एक झाली, आणि एका ठोक्याला अशी थांबली की शेवंताबाईच्या हातून कणीक खाली पडली.

भीमाप्पांनी हलगी लेकाच्या हातात दिली.

"आसं," ते म्हणाले. "सुला, च्या ठेव."

आणि हात धुवायला गेले.

टेपरेकॉर्डर चालूच होता, हे सिद्रामच्या ध्यानात आलं ते बटण खट्कन आपोआप वर आलं तेव्हा. रात्र व्हायच्या आत त्याने टेप दोनदा ऐकली. आधी तो स्वतः, मग ते सगळं बोलणं, मग आप्पा.

"समदं पुसून तुमचंच पुन्ना भरा की," सुलाबाई म्हणाली. "अजून उजेड हाय."

सिद्रामने टेप मागे फिरवली. लाल बटणावर बोट ठेवलं. सहा वर्षं तो वाजवत होता, नाटकात टाळ्या घेत होता, आणि चांगलं काय ते ओळखण्याइतका कान त्याला नक्कीच होता. त्याने बोट काढून घेतलं.

"असू दे," तो म्हणाला. "ह्येच्यावर पुसून भरायला माझा हात हुईना."

सोमवारी टेप आहे तशी हवाई टपालाने गेली.

उत्तर यायला एप्रिल उजाडला. पाकीट हायस्कुलाच्या पत्त्यावर आलं. सिद्रामने ते जिन्यावर उभं राहून फोडलं. एल्साने स्वतःच्या हाताने, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात मराठी लिहिलं होतं. तुम्ही चांगले वाजवता, असं पहिल्या ओळीत होतं. पुढच्या ओळीत होतं, परंतु आम्ही सर्वांनी तुमच्या वडिलांना बोलावण्याचे ठरविले आहे.

घंटा झाली. पोरांचा लोंढा त्याच्या दोन्ही बाजूंनी जिना उतरून गेला. तो कठड्याला धरून उभा होता. अर्ध्या निपाणीला काय सांगायचं, हा विचार आधी आला. मग त्याने पत्र पुढे वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि त्याला हसू फुटलं. हेडमास्तरांना सांगून तो तडक घरी निघाला.

भीमाप्पा ओट्यावर दाढी करत होते. एका गालाला साबण होता.

"मला?" ते म्हणाले. "येडी हाईत का काय ती मानसं? तुला बोलावलंतं."

"मला न्हवतं बोलावलं. इचारलंतं नुसतं. तुमास्नी बोलावलंय."

"मी न्हाय जात."

"तुमी एक इचारलंतं, आप्पा. त्या दिशी टेप चालूच हुता, त्यात समदं आलंय. तिनं जबाब दिलाय."

सिद्राम वाचू लागला. "तुमच्या वडिलांचा प्रश्न मी घरातील सर्वांना भाषांतर करून सांगितला. त्यावर आम्ही दोन दिवस बोलत होतो. उत्तर असे आहे. या घरात कोणालाही वाजव असे म्हणण्याचा अधिकार नाही. त्यांची इच्छा असेल तेव्हा त्यांनी वाजवावे. इच्छा नसेल तर तीन महिन्यांत एकदाही वाजवू नये. आम्ही तरीही त्यांना बोलावतो. ते फक्त राहतील."

भीमाप्पांच्या गालावरचा साबण वाळू लागला होता.

"परत वाच."

सिद्रामने परत वाचलं.

"एकदाबी नगं?"

"एकदाबी नगं."

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला आणि उरलेला गाल पुरा केला. तोंड पुसून झाल्यावर म्हणाले, "थंडी किती असतीया तिकडं?"

पुढचे चार महिने कागदांत गेले. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाने ओट्यावर बसून कन्नडमध्ये विचारलं, तिकडे कसल्या कामाला निघालात? भीमाप्पांनी "केलस इल्री," म्हणून सांगितलं. काम नाही, राहायला बोलावलंय. पोलिसाने पेन थांबवून त्यांच्याकडे बघितलं, मग सिद्रामकडे बघितलं, आणि चहा मागितला. लेकीने अनगोळहून लोकरी कानटोपी पाठवली. गुंडूने स्वतःचा कोट दिला. तो भीमाप्पांच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. सप्टेंबरच्या अखेरीस एल्सा स्वतः मुंबईपर्यंत आली आणि त्यांना विमानाने घेऊन गेली. हलगी त्यांनी बरोबर घेतली. वाजवणार म्हणून नव्हे, असं निघताना तिला दोनदा सांगितलं.

सिद्रामने दुसऱ्या दिवशी नवी हलगी आणली आणि परसात, भर दुपारी, डाव्या हाताच्या मागे लागला. शेवंताबाई कुंपणापलीकडून सांगायची, "अजून भ्येतुयास!"

ऑक्टोबर गेला. काही बातमी नाही. मग एल्साचं पत्र आलं. तोवर ओट्यावर माणसं जमली होती, म्हणून सिद्रामने ते मोठ्याने वाचलं. तुमचे वडील ठीक आहेत. त्यांना चीज आवडत नाही. सकाळी ते समुद्रावर फिरून येतात आणि सर्वांसाठी चहा करतात. मागील रविवारी घरातील गायिकेला त्यांनी भाकरी थापायला शिकविले. त्यांनी अद्याप वाजविलेले नाही.

"सवा महिना झाला की," गुंडू म्हणाला.

"आता परत धाडत्यात काय वो?" सुलाबाईने हळूच विचारलं.

सिद्रामने पान उलटलं. "घरात आम्ही नऊजण आहोत. रोज सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी त्यांना विचारतो, आज वाजवणार का? कारण त्यांनीच आम्हाला सांगितले आहे की रोज विचारत जा. ते थोडा विचार करतात, मग 'न्हाय' म्हणतात आणि खूप हसतात. आम्ही पण हसतो. हा शब्द आता आम्हा सर्वांना येतो."

 सिद्रामने पत्राची घडी घातली, चष्मा काढून सदऱ्याने पुसला, परत घातला.

"मग गेलाय कशाला म्हातारा?" गुंडूने विचारलं.

सिद्राम आत गेला आणि हवाई टपालाचा कोरा कागद घेऊन आला. मांडीवर पाटी ठेवून त्याने वर तारीख घातली.

"काय लिवताय?" सुलाबाई म्हणाली.

"तीर्थरूप आप्पांस," तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "सगळी खुशाल हाईत. थंडीला जपा." पेन क्षणभर हवेत थांबलं. "आनि घाई करू नगा."